बोंडांची इज्जत

रिसोडवरून येणारी जीप फाट्यावर सोडली आणि नाल्याच्या कडेकडेने चालत आलं की जगदेवची गल्ली लागते. आठ-दहा घरांची गल्ली, पण भुलाबाईच्या दिवसांत तिचा रुबाब तालुक्याच्या गावाला नसेल एवढा असतो. भादव्याच्या पुनवेला पोरी भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी पाटावर मांडतात, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की एकेका घरची खिरापत येते. ती झाकलेल्या डब्यात. आत कोणता खाऊ आहे हे बाकीच्यांनी ओळखायचं आणि मगच खायचं.

ओळखणं हे खरं तर पोरींचं काम, पण हिरीबाईला हे सांगणार कोण? हिरीबाई गल्लीतली सगळ्यांत वडीलधारी. डोळ्यांनी अधू, गुडघ्यांनी त्याहून अधू, पण नाक आणि कान असे तरतरीत की डबा ओट्यावर टेकायच्या आधीच तिचं बोलून व्हायचं. डबा कानाशी धरून हलवायची, झाकणाच्या फटीला नाक लावायची आणि सांगायची, "शेव हाय. जराशी करपली." करपलेलीसुद्धा ओळखायची, हे मात्र बायकांना सहन व्हायचं नाही.

आणि गल्लीचा एक कायदा होता. ज्या घरची खिरापत कोणालाच ओळखता येणार नाही, त्या घरी कोजागिरी बसायची. त्यांचीच भुलाबाई मखरात, त्यांच्याच अंगणात सगळी गल्ली दूध प्यायला. कोणीच हरवलं नाही तर कोजागिरी ओळखणाऱ्याच्या घरी. म्हणजे दरवर्षी हिरीबाईच्या घरी, बाजारातून कधीकाळी आणलेल्या तिच्या रंगीत जोडीपुढे. त्या जोडीतल्या भुलोजीचं नाक केव्हाच उडालं होतं आणि भुलाबाईचा चेहरा नवऱ्यावर रुसल्यासारखा दिसायचा.

यंदा जगदेवच्या राखीने मनावर घेतलं होतं. दहा वर्षांची पोर, पण शेतातली काळी माती आणून, चाळून, कापूस घालून मळून तिने स्वतःच्या हाताने जोडी केली होती. भुलाबाईला ज्वारीच्या दाण्यांचे दागिने, भुलोजीला मक्याच्या केसांच्या मिशा. गावात सगळीकडे सोयाबीनच सोयाबीन. मखराला ज्वारीची ताटं, धांडे मिळणार कुठून, म्हणून जगदेवने मुद्दाम शेताच्या बांधावर, धुऱ्यावर ज्वारीची एक ओळ पेरली होती. तयारी अशी जय्यत होती. फक्त हिरीबाई हरायची बाकी होती.

आणि नेमकं त्याच वेळी राखीच्या आजीचा, म्हणजे जगदेवची बायको बेबीबाई हिच्या आईचा पाय मुरगळला. बेबीबाईने सोयाबीन घरात आलेलं पाहिलं, पिशवी भरली आणि माहेरी मानोऱ्याला निघून गेली. त्यांच्या घरची खिरापत, यंदाची शेवटची, उद्यावर आलेली. राखीने सारखं रडून डोळे लाल करून घेतले.

"रडतं काहून वं?" जगदेव म्हणाला. "मी करतो ना खिरापत."

"तुमाले चहा सोडून काय येते, बाबा?"

"त्यात काय हाय? शेती करतो ना मी?"

शेतीचा आणि खिरापतीचा संबंध काय, हे राखीला कळलं नाही. जगदेवलाही कळलं नव्हतं. पण पोरीपुढे एकदा बोलून गेलेला बाप मागे फिरत नाही, निदान सकाळपर्यंत तरी नाही.

सकाळी त्याने बेबीबाईला फोन लावला. घरात माळ्यावर कोहळं होतं, गूळ होता, म्हणजे कोहळ्याची बोंडं, गुळातली मऊ गोड भजी, करायची असं ठरलं. बेबीबाईच्या बोंडांचं गल्लीत नाव होतं. हिरीबाई ती उंबऱ्यातूनच ओळखायची, ही गोष्ट वेगळी.

"कोहळं किसा," बेबीबाई म्हणाली. "गूळ टाकून शिजवा. थंड झालं का कणिक टाका अन् तळा."

"कणिक किती?"

"मावन तेवढी."

"मावन तेवढी म्हणजे केवढी?"

"आता ते फोनवरून कसं सांगू? हाताले समजते."

जगदेवने हाताकडे पाहिलं. किती पावलांवर बी पडायला हवं, ढेकूळ किती ओलं असलं की वखर चालतो, हे त्या हाताला झोपेतही समजायचं. कणकेबद्दल त्याला अक्षरही माहीत नव्हतं.

कोहळं किसून झालं. त्यात बोटाचं सालही थोडं गेलं. गूळ पडल्यावर किसाला असं पाणी सुटलं की कढईत पाट वाहायला लागला. जगदेवने डब्यातली कणिक ओतली. सगळी ओतली. तरी मावत होती. मग बेसन ओतलं, तेही मावलं. ज्वारीचं पीठ मावलं. रवा मावला. घरात आता फक्त पापडखार उरला होता, आणि तो राखीने पाठीमागे लपवला.

पहिलं बोंड तेलात सोडलं, तर ते बुडालं आणि वर आलंच नाही. दुसरं वर आलं, पण एक नाही, त्याचे तुकडे होऊन सबंध तेलभर पसरलं. जगदेव झाऱ्या घेऊन त्यामागे फिरला. बेबीबाईला पुन्हा फोन करावा असं फार वाटत होतं, पण मोठ्या तोंडाने "झालं, मी पाहतो" असं म्हणून फोन ठेवला होता. आता कोणत्या तोंडाने लावणार?

"तेल काढून टाका बाबा," राखी म्हणाली. "सगळं आटवून टाकू. मंग मी वळतो."

ते आटवलं. भाजलेले तीळ टाकले, फुटाणे टाकले, जे हाताला आलं ते टाकलं. गुळाचा पाक इतका पक्का झाला की झाऱ्या मधोमध उभा राहिला. ते गरम असतानाच राखीने ओल्या हाताने वळायला घेतलं. मातीची भुलाबाई करून तिच्या हाताला वळायची सवय झाली होती. तिने सकाळीच पाटावर भुलाबाईपुढे मांडायचे मातीचे लाडू वाळत घातले होते, त्यांच्याच शेजारी हे गोळे ठेवत गेली. रंग एकच, आकार एकच. थोड्या वेळाने कोणते मातीचे लाडू आणि कोणती खिरापत, याचा जगदेवला उमज पडेना. शेवटी राखीने एकेक चाटून वेगळे केले. मातीचे तीन चाटावे लागले.

आता उरला वासाचा प्रश्न. हिरीबाई सकाळपासून दोनदा काठी टेकत दारावरून गेली होती आणि दोन्ही वेळा जरा जास्तच थांबली होती. जगदेवने डोकं चालवलं. तव्यावर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि खिडकी उघडली. गल्लीत हाहाकार उडाला. समोरचा गोविंदा टॉवेल तोंडाला लावून बाहेर पळाला, म्हशी खोकायला लागल्या, आणि तो दिवसभर जगदेवकडे तांबारलेल्या डोळ्यांनी बघत होता. म्हणजे गोविंदा. म्हशींनी मनावर घेतलं नाही.

दिवेलागणीला पोरी जगदेवच्या ओट्यावर जमल्या. राखीची भुलाबाई अजून कोपऱ्यात झाकून ठेवलेली. ती कोजागिरीच्या मखरात बसणार की नाही, हे आता डब्यावर होतं. गाणी झाली. जगदेवने डबा हिरीबाईपुढे ठेवला. तो ठेवताना ओट्यावर असा आवाज झाला की शेजारच्या उज्ज्वलाने आपलं तान्हं उचलून बाजूला घेतलं.

हिरीबाईने डबा हलवला नाही. कानाशी धरला नाही. नुसतं नाक जरा वर केलं.

"मिरच्या कायले जाळल्या रे जगदेव? बोंडं हायेत. कोहळ्याचे."

जगदेवने राखीकडे पाहिलं. राखी त्याच्याकडे बघत होती. बोंडंच करायला घेतली होती, हे काही खोटं नव्हतं. पण जे झालं, ते बोंड होतं का? सोयाबीन पेरलं आणि वावरात नुसतं गवत उगवलं, तर त्याला कोणी सोयाबीन म्हणतं का? गवतच म्हणतात. तलाठीसुद्धा गवतच म्हणतो.

"नाई," तो म्हणाला.

"नाई?" हिरीबाईला हा शब्द ऐकायची सवय नव्हती. तिने डबा हलवला. आत गोटे आदळावेत तसा खडखडाट झाला. तिचा चेहरा पहिल्यांदाच गोंधळला. "खारका?"

"नाई."

"सुपाऱ्या कायले आणशील तू... चिक्की? लाडू? गेल्या दिवाळीचे लाडू?"

पोरी हसून लोळायला लागल्या. हिरीबाई एकेक नाव घेत गेली. अनारसे, गुळपापडी, मुरमाचे खडे. शेवटचं ती रागाने म्हणाली होती. अखेर तिने डबा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हरली बाई मी. उघड."

राखीने झाकण काढलं. सगळ्या गल्लीने माना आत घातल्या. उज्ज्वला हळूच म्हणाली, "हे खाचं हाय का?"

हिरीबाईने एक गोळा उचलला, हुंगला, दाताखाली धरायचा प्रयत्न केला आणि दाताची काळजी वाटून नुसता चाटला. मग तिचे डोळे चमकले.

"कोहळं हाय. गूळ हाय. अरे लबाडा, हे बोंडंच हायेत. बिघडले म्हणून काय झालं? मी पयलेच सांगतलं होतं."

झालं. गल्लीत दोन तट पडले. कोणी म्हणे बोंड बिघडलं तरी बोंडच, कोणी म्हणे ज्याला बत्त्याने फोडावं लागतं ते बोंड कसलं. गोविंदा सकाळच्या मिरचीचा राग मनात धरून हिरीबाईच्या बाजूने होता. राखी कोपऱ्यात आपल्या झाकलेल्या भुलाबाईजवळ जाऊन बसली. जगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने महिनाभर खपून केलेली भुलाबाई आपल्या एका कढईपायी कोपऱ्यात राहणार होती.

"बेबीले लावा फोन," हिरीबाई म्हणाली. "तिच्या घरचं हाय, तेच सांगन. ते खोटं बोलत नाई."

हे मात्र सगळ्यांना पटलं. बेबीबाई खोटं बोलत नसे, हे जगदेवला लग्नापासून सोसावं लागलं होतं. आणि तिनेच तर सकाळी बोंडं सांगितलेली. फोन लावतानाच त्याला कळलं की खेळ संपला.

पडद्यावर बेबीबाई दिसली, मागे खाटेवर पाय उशीवर ठेवून तिची आई. उज्ज्वलाने सगळा तंटा सांगितला आणि फोन डब्यावर धरला.

बेबीबाई बराच वेळ बघत राहिली. "जरा जवळ आणा," ती म्हणाली. आणला. मागून तिची आई डोकावली आणि विचारलं, "ढेप हाय का वं? म्हशीची?"

"बेबी," हिरीबाई फोनजवळ तोंड नेऊन ओरडली, "तू याले सकाळी काय कराले सांगतलं होतं?"

"बोंडं," बेबीबाई म्हणाली.

राखीने डोळे मिटून घेतले. हिरीबाईने विजयाने काठी आपटली.

"पण हे बोंडं नाई," बेबीबाई पुढे म्हणाली. "हिरीमाय, तुमी माह्या हातचे बोंडं किती वर्ष खाल्ले?"

"लय वर्ष."

"कसे असतेत?"

"कापसावानी असतेत वं. तुह्या बोंडाले तोड नाई."

"मंग ह्याले बोंडं म्हणाले तुमची जीभ कशी वळली? माह्या मायनं शिकवले मले बोंडं, ते इथं मांग बसली हाय. तिच्या देखत तुमी ह्या गोट्याले बोंडं म्हणता? उद्या गावभर होईन, का बेबीच्या घरी असे बोंडं होतेत."

 हिरीबाईने हातातल्या गोळ्याकडे पाहिलं, फोनमधल्या त्या दोन रागीट मायलेकींकडे पाहिलं. बेबीबाईची बोंडं तिला मनापासून आवडत होती आणि पुढच्या वर्षीही खायची होती.

"नाई बाई," ती अखेर म्हणाली. "हे बोंडं नाई."

"काय हाय मंग, बेबी?" उज्ज्वलाने विचारलं.

"मले काय माहीत? ज्यानं केलं त्याले इचारा. अख्ख्या जल्मात असं काही पाह्यलं नाई मी. कणकेचा इस्कोट, गुळाचा इस्कोट, माह्या कढईचं तर काय झालं असन. हा माणूस पाणी तापवलं तरी करपवन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, बेबीबाईने जगदेवचा उद्धार असंख्य वेळा केला होता, पण भर गल्लीत, फोनच्या मोठ्या आवाजात, एवढा कधी केला नव्हता. आणि जगदेव इतका खूश कधी झाला नव्हता. तो नुसता मान डोलवत होता आणि म्हणत होता, "खरं हाय, अगदी खरं हाय."

राखीने कोपऱ्यातलं फडकं काढलं आणि आपली भुलाबाई-भुलोजी उचलून पाटावर आणली. मक्याच्या मिशांची एक बाजू गळून पडली होती, पण तो विषय कोणी काढला नाही. हिरीबाईने जोडीवरून हात फिरवला, भुलोजीच्या नाकाशी थांबली आणि म्हणाली, "याले नाक तरी हाय." कोजागिरी जगदेवच्या अंगणात ठरली.

पोरी पांगल्यावर जगदेवने अंगणात येऊन पुन्हा फोन लावला.

"लय उपकार झाले तुहे," तो म्हणाला. "राखीसाठी बोलली ना तू?"

"मी कायले राखीसाठी बोलू? माह्या बोंडाच्या इज्जतीचा सवाल होता." मग तिने विचारलं, "पोरगी हासली?"

"हासून हासून आता झोपाले गेली."

"बरं झालं. कोजागिरीले मी येतो. चुलीले हात लावू नका तोवर." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अन् त्यातला एखांदा उरला असन तर ठेवजा माह्यासाठी. खाऊन तर पाहू."

जगदेवने ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं.

"एक हिरीमायनं चाटून ठेवला," तो म्हणाला. "बाकीचे सगळेच हायेत."