आठ खोल्यांचा कारखाना

"मावशी, पण धंदा कुठाय?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शेवंतीनं खोलीभर नजर फिरवली. तिलाच खोली ओळखू येईना. घोडपदेवच्या चाळीतल्या या दहा बाय बारात ती बावीस वर्षं श्रीखंडाचा चक्का बांधत आली होती. आज तिथे फुलदाणी होती, टेबलक्लॉथ होता आणि दह्याचा टिपूससुद्धा नव्हता.

ही सगळी शेजारच्या नानांची करणी. छोट्या दूधप्रक्रिया उद्योगांना सरकार मशीनसाठी मदत देतं, हा शोधही त्यांचाच. डीप फ्रीजरच्या किमतीचा तिसरा हिस्सा सरकार भरणार होतं. फ्रीजर आला की मे महिन्यातल्या ऑर्डरी परत पाठवायला नकोत. तपासणीला माणूस येणार म्हटल्यावर, मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी अख्ख्या मजल्यानं खोली आवरली. "सरकारी माणसासमोर काय लोंबकळता नये," नाना म्हणाले, आणि सकाळी दही टांगलं ते आठ घरांत, आठ गाठोडी करून.

"वायच बसा सायबानू, पोहे येतत," नाना म्हणाले.

"पोहे नकोत हो. उद्योग दाखवा."

समोरच्या घरातल्या राधाबाईंना राहवेना. "अगो दाखव की! माझ्या देव्हाऱ्यात सकाळपासून टपकतंय. देवाचं चाललंय आंघोळीवर आंघोळ."

साहेब वयानं कोवळे, पण चौकस. ते घरोघर बघत निघाले. नानांकडे पंख्याच्या हुकाला, राधाबाईंकडे देव्हाऱ्यावरच्या खुंटीला, कोपऱ्यातल्या संघर्ष नावाच्या पोराच्या घरी व्यायामाच्या दांड्याला. जिथे तिथे पांढरं गाठोडं. साहेब प्रत्येकाखाली मान वाकडी करून उभे राहिले. कापड कुठलं? किती तास? पाण्याचं काय करता?

"कढी," राधाबाई म्हणाल्या. "आठवड्यातनं चारदा. आमच्या ह्यांना विचारा."

पाचव्या घरी साहेबांना फॉर्म आठवला. "हे सगळं तुमच्या खोलीत आणा बघू. अर्जदार आणि सगळा माल अर्जातल्या पत्त्यावरच, एका फोटोत लागतात. आज शेवटची तारीख आहे, आणि मला बाराला दुसरीकडे पोचायचंय."

नानांनी बाह्या सरसावल्याच होत्या.

"हात लावू नका," शेवंती म्हणाली. "अजून चार तास. आत्ता हलवलं तर पाणी परत आत मुरतं, श्रीखंड पातळ होतं. संध्याकाळी लालबागला साखरपुडा आहे."

"अगो, एका फोटोसाठी..." नाना कुजबुजले.

"नाना, साखरपुड्याला फोटो वाढू काय?"

"मावशी, पुढची यादी वर्षानं लागेल हां," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता सरकारी राहिला नव्हता.

"माहीत आहे."

साहेबांनी गॅलरीच्या कठड्यावर फॉर्म टेकवून शेरा लिहिला, एक प्रत तिला दिली आणि जिना उतरले.

शेवंतीनं वाचलं : 'पाहणी अपूर्ण. कारण : चक्का निथळत आहे.'

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. खोटं काहीच नव्हतं. कागदाची घडी घालून ती वेलची सोलायला बसली.