आडवी लेस

"बूट मागून कापू का, अंकल? पँटच्या खाली कोणाला दिसणार नाय," अंडरटेकरकडचा माणूस हळूच म्हणाला आणि त्याने पिशवीतून कात्री काढली.

जॉनीने त्याच्या हातातला बूट काढून घेतला. "कात्री ठेव आत."

मरोळ गावठाणातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत, दोन बुटक्या बाकांवर त्याच्या मुलाची, मेलरॉयची शवपेटी होती. अंगावर बहिणीच्या लग्नातला काळा सूट, पायांत मोजे. सव्विसाव्या वर्षी किडन्यांनी दगा दिला. शेवटी शेवटी पाय इतके सुजले की चपलेशिवाय काही चढेना. हे पांढरे स्नीकर्स त्याने आजारपणाच्या जरा आधी घेतले होते. हौसेने लेस ओवली, एकदोनदा घातले आणि मग ते खोक्यातच राहिले. त्याच्या आईचं, पेट्रिशियाचं सकाळपासून एकच म्हणणं होतं, पोरगा जाईल तर ह्याच बुटांत.

लेस नेहमीसारखी तिरपी, फुल्याफुल्यांची नव्हती. शिडीच्या पायऱ्यांसारख्या सरळ आडव्या पट्ट्या. टोकं आत दडवलेली, गाठ कुठेच नाही. तेव्हा जॉनीने विचारलं होतं, "आवळायचे कुठून रे हे?"

"आवळायचे नसतात, डॅडी. स्टाइल असते ती," मेलरॉय हसून म्हणाला होता.

लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या जॉनीला, आवळता न येणारी वस्तू कशाला हवी ते काही कळलं नव्हतं.

"लेस पूर्ण काढली तर पाय जाईल," आता तो म्हणाला.

"लेसला हात नको लावू." पेट्रिशिया खुर्चीतून उठली. "त्याने ओवलीय ती, जॉनी. त्याच्या हातची हाय."

भिंतीकडेला बसलेल्या बायकांची चाललेली रोझरीची प्रार्थना थांबली. "मग काय कापू देऊ?" जॉनीने विचारलं. "एक तसाच ठेवतो. त्याच्यात बघून दुसरा ओवतो."

"आणि मग तो?"

"मग ह्याच्यात बघून तो."

पेट्रिशिया परत बसली. मुलगी ॲन्ड्रिया पुढे आली. "डॅडी, मी मोबाइलवर बघून करू?"

"नको. मला कळू दे."

जॉनी पेटीच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसला. डावा बूट त्याने डोळ्यांजवळ धरला, जीभ बाजूला सारून आत पाहिलं. बाहेरून सगळं सरळ, पण आतून लेस कडेकडेने वर चढत होती. एक टोक लगतच्या भोकातून बाहेर येऊन आडवं पार व्हायचं, दुसरं ते भोक सोडून त्याच्या वरच्यातून. ते ध्यानात आल्यावर त्याने उजव्या बुटाची लेस काढली, बूट उलगडून धरला आणि पाय आत सरकवला. तो गेला.

पायावर बूट असताना ओवणं कठीण होतं. दर पट्टीला बोट आत घालावं लागे आणि बोटाला मोज्यातून तो थंडपणा लागे. मेलरॉय शाळेत असताना त्याला बूट घालायचं काम पेट्रिशियाचं. जॉनी तेव्हा ड्युटीवर निघून गेलेला असायचा. एकदा पट्टी तिरकी गेली. त्याने ती उसवली, पुन्हा घातली. सुजेमुळे पट्ट्या ताणल्या आणि लेस कमी पडली. वरची दोन भोकं रिकामी सोडून त्याने टोकं आत दडवली.

मग डावा बूट. त्याची लेस काढताना तो जरासा थांबला, पेट्रिशियाकडे पाहिलं. तिने मान वळवली. त्याने लेस ओढली.

काम झालं तेव्हा दोन्ही बुटांवर पट्ट्या सारख्या दिसत होत्या.

"उचलायचं, अंकल? चर्चमध्ये मिस्साला थांबलेत सगळे."

जॉनीने मान हलवली. उठायला म्हणून जमिनीवर हात टेकला, पण गुडघे धरले होते. एकदा जोर लावला, पुन्हा लावला. मग तो तसाच खाली मान घालून राहिला.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईने ते पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि तीही गुडघ्यांवर आली. तिच्यामागून बाकीच्या बायका, मग दारातले पुरुष. अंडरटेकरकडच्या माणसाने पेटीचं झाकण भिंतीला टेकवलं आणि तोही खाली बसला. शेवटी पेट्रिशिया आली आणि प्रार्थना तिनेच सुरू केली.

आपल्याला उठताच आलं नव्हतं, हे जॉनीने कोणाला सांगितलं नाही. दोन ओळी उलटून गेल्यावर त्याचेही ओठ हलू लागले.