मी, दहा लाख तीन हजार चारशे एक्याऐंशी

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. तशा आम्ही सगळ्याच सारख्या जुन्या, पण मला कुणी ओळखू लागलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मी १०,०३,४८१. शेवटी एक, अंकांची बेरीज सतरा, त्यामुळे दोन, तीन, पाच माझ्या वाटेला जात नाहीत.

गणिताच्या एका सरांना दहा लाखांपुढची एक मूळ संख्या स्वतःच्या हातानं शोधायची होती. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच पूर्ण भाग जात नाही. सुटीत जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी कितीतरी संख्या तपासल्या. कुणी सातापाशी पडली, कुणी एकोणतिसापाशी. मी मात्र टिकले. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी त्यांनी मला भागलं, प्रत्येकीला एक कागद, आणि प्रत्येक कागदावर बाकी उरली. मग काय, सर हरखून गेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, शिवणकाम करायच्या. त्यांनी निळ्या धाग्यानं मला कापडावर भरलं, चौकट केली आणि मी भिंतीवर गेले. घरी कुणीही आलं की सर सांगायचे, "हिला वाटेकरीच नाही."

खरं सांगू? होते. सहाशे तेरा आणि एक हजार सहाशे सदतीस. त्या दोघांचा गुणाकार म्हणजे मी. पण मला विचारतंय कोण? कौतुक गोड लागत होतं, तेही नाकारत नाही.

सरांच्या निरोप समारंभासाठी शाळेनं मला आणि ते कागद मागवले. आदल्या दिवशी काकू कागद शिवून त्यांची वही करत होत्या. त्यांचा जन्म कापड बेतण्यात गेलेला. वजाबाकी चुकली की कापड वाया. सहाशे तेराच्या कागदावर त्यांचा हात थांबला.

"अहो, बावीसशे अडुसष्टातून अठराशे एकोणचाळीस गेले की चारशे एकोणतीस राहतात. तुम्ही चारशे एकोणचाळीस लिहिलंय. हातचा विसरलात."

सरांनी तिथून पुढचा भागाकार पुन्हा केला. आधी बाकी शंभर होती, आता शून्य आली.

"उद्या सांगून टाका, माझंच चुकलं म्हणून," काकू म्हणाल्या. "मुलांना उपयोगच होईल."

"बघू."

मला वाटलं, सांगतील. वर्गात जन्मभर हेच तर शिकवलं त्यांनी, की उत्तर जुळलं नाही तर आधी आपली वजाबाकी तपासा.

समारंभात सरांनी मला उंच धरलं. "ही बघा. अठ्ठावीस वर्षं मूळ असल्याचं सोंग घेऊन माझ्या घरात राहिली. हिनं मला फसवलं." लोक हसले, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काकू मान खाली घालून बसल्या होत्या. मला इतकं लागलं म्हणून सांगू. ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच चारचौघांत मला लबाड ठरवलं, आणि कशासाठी, तर एका हातच्यासाठी.

आता मी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून असते. मला परत वर टांगा असं मी म्हणत नाही. मित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या आणि मला सहाशे तेरानं भागा. सावकाश, हातचे धरून. आणि तुमचं चुकलं तर चुकलं म्हणा, आकड्याला नावं ठेवू नका. अठ्ठावीस वर्षं मी त्या घरात होते, एकदाही खोटं बोलले नाही.