गिरणीची वाट

चालायला म्हणून माणसं जमवावीत आणि त्यांनी आल्याआल्या बसायला खुर्च्या शोधाव्यात, याला काय म्हणावं? युगेत वेसाद पेरोल्साक गावाच्या चौकात उभी होती. पायात चालायचे बूट, डोक्याला टोपी, आणि कपाळावर आठ्यांचं जाळं. गावाच्या वार्षिक पायी सहलीचा रविवार होता. गाव जमलं होतं खरं, पण लिंडनच्या झाडाखाली टेबलं मांडून.

"रेजिस, निघायचं का?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"निघू गं. एक घोट घेतो आणि उठतोच," मेयर रेजिस म्हणाला. बडीशेपेच्या दारूत तो पाणी इतक्या जपून ओतत होता, जसं बाळाला औषध द्यावं.

"हेच तू कॉफीच्या वेळी म्हणालास."

"कॉफी वेगळी. रिकाम्या पोटी चाललं की चक्कर येते."

दर वर्षी हेच व्हायचं. सहलीच्या नावाने मंडळी जमायची, आधी कॉफी, मग बाटल्या, मग जेवण, मग पेतांक खेळाचे लोखंडी गोळे खुळखुळायला लागायचे, आणि सहल राहायची ती राहायचीच. एरवी युगेतने सोडून दिलं असतं. या वर्षी सोडून चालणार नव्हतं.

गावातून धबधब्याजवळच्या जुन्या पाणगिरणीकडे जाणारी पायवाट गावाच्या मालकीची. पण ती गावातलं कुणी वापरत नाही असं ठरलं तर गावाला ती विकता येते, आणि घ्यायला फिर्मँ कायरूस अर्ज टाकून टपलेलाच होता. वाटेच्या दोन्ही अंगांना त्याची कुरणं. वाट मिळाली की तो दोन्ही टोकांना कुंपण घालून मोकळा होणार. युगेतच्या घरी उन्हाळाभर पाहुणे उतरायचे ते याच वाटेसाठी. सकाळी पाठीला पिशवी लावून निघायचे, धबधब्याखाली पाय सोडून बसायचे, संध्याकाळी लाल नाकांनी परत यायचे. वाट गेली तर त्यांना लाकडाचे ट्रक धावतात त्या हमरस्त्याने जावं लागणार, म्हणजे कुणी येणारच नाही. नवरा गेल्यापासून ते घर आणि ते पाहुणे एवढंच तिला उरलं होतं. तेही गेलं तर काय करायचं, हा विचार तिला झोपू देत नव्हता.

शहरातून चौकशी अधिकारी आला तेव्हा गावाने तिची बाजू घेतली. घेतली म्हणजे काय, सगळे एकजात खोटं बोलले. आम्ही रोज त्या वाटेने जातो, असं एकेकाने छातीवर हात ठेवून सांगितलं. रेजिस तर म्हणाला की जेवल्यावर शतपावलीला मी तिकडेच असतो. रेजिसला घर ते कचेरी एवढंही कुणी पायी जाताना पाहिलेलं नव्हतं. देलमोत नावाचा तो अधिकारी सगळं ऐकून नुसता हसला. "रविवारी तुमची सहल आहे ना? मग मी त्या दिवशी वाटेवर येतो," म्हणाला.

आणि तो आला. दारू नको म्हणाला, खुर्ची नको म्हणाला. "मी पुढे होतो, मंडळी. तुम्ही या सावकाश," असं म्हणून काठी टेकत चर्चच्या मागून वाटेला लागलाही.

"बघितलंत?" युगेत ओरडली. "तो गेला! उठा आता!"

कुणी उठलं नाही. दोघातिघांनी उठल्यासारखं केलं.

"अगं, बारा वाजत आले," रेजिस म्हणाला. "बटाटे उकडून तयार आहेत. आता त्यात चीज घालून आलिगो घोटायचा. जेवण सोडून कुणी चालतं का? माणसं आहोत आपण."

"जेवून जाऊ की, युगेत," कुणीतरी म्हणालं.

"जेवून तुम्ही गोळे खेळाल, आणि मग झोपाल! तो काय तिथे रात्री मुक्काम करणार आहे?"

टेबलाच्या टोकाला फिर्मँ बसला होता, गालातल्या गालात हसत. त्याला कशाची घाई?

"तू कशाला दात काढतोस?" ती त्याच्यावर घसरली. शाळेत एका बाकावर बसलेली ती दोघं. भांडण तेव्हापासूनचं.

"मी कुठे काय म्हटलं? पण तुझे पाहुणे माझं फाटक उघडं टाकतात, ते कोण बघतं? परवा एक बाई विचारत होती, गायींच्या गळ्यातल्या घंटा रात्री काढून ठेवता येतील का, झोप लागत नाही. म्हटलं काढतो, तुमच्या गळ्यात बांधतो."

सगळे हसले. युगेतला हसू आलं नाही. तिचं डोकंच फिरलं. ती तरातरा सभागृहाच्या स्वयंपाकघरात गेली. घोटलेल्या बटाट्यांचं पातेलं, ताज्या चीजचे तुकडे, सॉसेज, पाव, गॅसची शेगडी, एकेक करत तिने सगळं आपल्या गाडीत भरलं. गाडी चौकात आली तेव्हा कुठे रेजिसच्या हातातला ग्लास खाली आला.

"अगं, जेवण कुठे चाललं?"

"गिरणीवर. ज्याला गिळायचं असेल त्याने चालत यावं."

"वेडी झालीस का? मी गाडी काढतो."

"काढ की. हमरस्त्याच्या वळणावर पोलीस उभे आहेत, फुंकायची नळी घेऊन. सकाळी त्यांना कॉफी मीच देऊन आले. मी एक थेंब घेतलेला नाही. तू किती घेतलीस?"

रेजिसने ग्लासात बघितलं. बाकीच्यांनीही आपापल्या ग्लासात बघितलं. युगेत निघून गेली.

गिरणीपाशी देलमोत एका दगडावर बसून बूट झटकत होता. "वाट छान आहे, मादाम," तो म्हणाला. "एक कोल्हा दिसला. माणूस मात्र एकही नाही."

युगेतने शेगडी पेटवली, बटाट्यात चीज टाकलं आणि मोठ्या लाकडी डावाने घोटायला घेतलं, त्यात रेजिस, फिर्मँ, गाव सगळेच असल्यासारखं. धबधबा कोसळत होता, आणि वाटेवर कुणी नव्हतं. जेवण पळवून आणलं हे आता तिला पोरकटपणाचं वाटायला लागलं. चिडून घरी जातील, पाव आणि हॅम खाऊन झोपतील, झालं. चीजच्या तारा सुटायला लागल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेने आलं असं तिने स्वतःला सांगितलं.

मग आधी शिव्या ऐकू आल्या आणि मागून माणसं. रेजिस सगळ्यांत पुढे, टोमॅटोसारखा लाल, तिला नावं ठेवत. त्याच्यामागे काठ्या टेकत म्हातारी मंडळी, कुणाच्या काखेत बाटल्या, कुणाच्या हातात घरून आणलेली ताटली. एकाने तर गोळ्यांची पेटीही वाहून आणली होती. सगळं गाव आलं. आणि सगळ्यांच्या शेवटी, गालावर काट्याचा ओरखडा घेऊन, फिर्मँ.

"तूसुद्धा?" युगेत म्हणाली.

"सॉसेज माझ्या डुकरांचं आहे. ते सोडून घरी बसू काय?"

देलमोत उठून पुढे आला. "मस्यू कायरूस, तुम्हीही याच वाटेने आलात?"

"मग काय उडत येऊ?" उपाशी फिर्मँशी बोलू नये, हे शहरातल्या माणसाला कोण सांगणार? "आणि या लोकांबरोबर आलो म्हणून एवढा वेळ लागला. एकाला धड चालता येत नाही. त्या ओढ्यावरच्या फळीवर तर नाचत होते. ती सडली होती तेव्हा आले असते म्हणजे कळलं असतं. थंडीत मी नवीन टाकली म्हणून वाचले."

"तुम्ही टाकलीत?"

"मग कोण, हा रेजिस टाकणार? मी रोज संध्याकाळी जातो तिथून. मोडली असती तर मीच पडलो असतो."

"गायी बघायला जाता?"

"गायी कुरणात असतात, साहेब. इथे कुठल्या गायी? मी धबधबा बघायला येतो. का? तो फक्त पाहुण्यांनीच बघायचा?"

बोलून झालं आणि मग काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले. युगेतचा डाव हातातच राहिला, चीजची लांब तार लोंबकळत होती.

"रोज संध्याकाळी," देलमोत सावकाश म्हणाला. "म्हणजे वाट वापरात आहे तर."

युगेतला काय वाटावं तेच कळेना. अख्ख्या गावात जो एकटा त्या वाटेने चालत होता, तोच ती बंद करायला निघाला होता. आनंद झाला होता, पण त्याहून जास्त संताप आला होता. किती रात्री तिने तळमळून काढल्या होत्या.

"अरे गाढवा, मग कुंपण कशाला घालायचं होतं?"

"संध्याकाळी इथे कुणी नसलं की बरं वाटतं," फिर्मँ ताटलीकडे बघत पुटपुटला. "ती गेल्यापासून."

त्याची बायको मागच्या वर्षी गेली होती. युगेतने डाव खाली घेतला.

"मला सांगायचं नाही का रे?"

"धबधबा बघत बसतो म्हणून सांगू? गाव हसलं असतं."

मागून रेजिसला हसू फुटलं. युगेत वळली आणि हातातला डाव तिने त्याच्यावर उगारला.