भोंगा झाला की दार लावा

आज सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटलाय. आभाळ मातकट झालंय, ऊन असून नसल्यासारखं. धूळ सरळ आत शिरते, पार चुलीपर्यंत जाते. तिला अडवायला माझ्याकडं काही नाही. मी गहिनीनाथच्या घराची चौकट बोलतेय. नुसतीच चौकट, दार मला कधी नव्हतंच.

मूळची मी ओढ्याकाठची बाभूळ. गहिनीनाथच्या बापानं मला तोडलं, पाण्यात मुरवलं आणि सुताराकडून उंबरा, दोन बाह्या, वरची पट्टी करून घेतली. सुतार परगावचा. त्यानं सवयीनं बिजागरीच्या खाचेला पटाशी लावली, तसा म्हातारा ओरडला, "तिथं हात लावू नको बाबा. आमच्यात दार नसतं."

शनीचं शिंगणापूर इथून जवळ. तिथल्या देवाची आण आमच्या वाडीनंही धरलेली. घराला दार नाही, कपाटाला कुलूप नाही. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी टेकवायची, झालं. शेजारचा थॉमस रविवारी चर्चला जातो, पण दार त्यानंही बसवलेलं नाही. म्हणतो, "वाडीत मी एकट्यानंच दार लावलं, तर लोक इचारत्याल, थॉमस लपवतो काय?"

माझ्यातून गहिनीनाथची नवरी आत आली, साळूबाई. माझ्यातूनच तिची लेकरं शहराकडं गेली. आता तिच्या अंगावरून वारं गेलंय, उजवी बाजू हलत नाही. गहिनीनाथनं तिची बाज बरोबर माझ्यासमोर टाकलीय. पडल्या पडल्या तिला रस्ता दिसतो, येणारं-जाणारं बोलतं. तेवढंच तिचं जग.

त्या जगात पलीकडं, धरणाच्या अंगाला, एक पांढरा घुमट उभा राहिला. अणुवीज केंद्र म्हणतात त्याला. आता ते चालू व्हायचंय. म्हणून साहेब लोक ग्रामसभेला आले. सभा भरली समोरच्या लिंबाखाली, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

साहेब म्हणाले, "काही होणार नाही. पण केंद्रात बिघाड होऊन भोंगा झालाच, तर घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फटी ओल्या कपड्यानं बुजवायच्या."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "फटी लई हायेत साहेब. दारंच न्हाईत."

सगळे हसले, साहेबही हसले. सरपंच दिपालीताई तेवढ्या हसल्या नाहीत. "साहेब, हसण्यावारी नेऊ नका. वाडीत अंथरुणाला खिळलेली मानसं हायेत, त्यांना कोन उचलनार? पुलावर उसाची एक गाडी उलटली तर दिवसभर रस्ता बंद. भोंग्यानंतर घ्यायच्या औषधाच्या गोळ्या आधीच आनून कुलपात ठेवा म्हनता, तर कुलूप आमच्या पंचायतीलाबी न्हाई. ह्याची उत्तरं मिळाल्याबिगर आमी केंद्र चालू करायच्या ठरावावर सही करनार न्हाई."

"वरती कळवतो," साहेब म्हणाले.

असं कळवलेलं मी लई पाहिलंय. उत्तर यायच्या आधी माझ्यावरची कोळिष्टकं तेवढी वाढतात.

उत्तर आलं नाही, भोंग्याची तालीम मात्र आली. गहिनीनाथनं घोंगडी भिजवली आणि माझ्या दोन्ही बाह्यांत खिळे ठोकून टांगली. साऱ्या जन्मात मला पहिल्यांदाच खिळा. आत अंधार झाला. भोंगा वाजला, तशी साळूबाई कण्हायला लागली. गहिनीनाथ घोंगडीची खालची कड उंबऱ्यावर दाबून बसला.

एवढ्यात घोंगडी वर झाली. थॉमस. "वैनी, भिऊ नका, मी हाय." मागून शेजारची मालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन. तिच्या मागं आणखी चौघं. आमच्यात आरडाओरडा झाला की माणूस आपल्या घरात पळत नाही, अडलेल्याच्या घरात पळतो. बघता बघता घर भरलं, घोंगडी पायाखाली आली.

साहेब टिपण करीत आले. थॉमसकडं बोट करून म्हणाले, "खरं संकट असतं तर विषारी हवा ह्यांनीच आत आणली असती."

थॉमस खाली मान घालून निघून गेला. दोन घरांत बोलणं कमी झालं. गहिनीनाथला रात्र-रात्र झोप नाही. बापानं पाळलेली आण मोडायची, की बायको उघड्यावर ठेवायची?

आज त्यानं सुतार बोलावला. सुतारानं मला ठोकून पाहिलं. "चौकट म्हातारी, जरा पीळ पडलाय, पन दार पेलंल. कडी आतनं लावू ना?"

बाजेवरून साळूबाई अडखळत म्हणाली, "मंग मला... रस्ता दिसायचा न्हाई."

गहिनीनाथ तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिला.

मी थकलेय. दाराला माझी ना नाही. बिजागरीची खाच सोसेन. घुमटवाल्यांनो, एवढंच मागते: ह्या बाईला उचलायला कोण येणार, ते आधी सांगा. दार मी धरून ठेवीन, पण माणूस मला उचलता येत नाही.

पटाशीचा आवाज ऐकून थॉमस आला. बऱ्याच दिवसांनी आला, आणि पहिल्यांदाच बाहेर थांबला. माझ्या बाहीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला,

"दार बसव, गहिनीनाथ. देव समजून घेईल. पन कडी आतनं नको. भोंगा झाला की मी येनारच हाय. वैनीला तू एकटा कसा उचलशील?"