कढईवर लादलेला इलाज

मित्रांनो, लोखंडी कढई घासली की लगेच कोरडी पुसतात, हे सुयोगला कुणी शिकवलं नाही असं नाही. तो मला मुद्दाम ओली ठेवतो. अंगावर गंज धरला की खूश होतो. "गंज म्हणजे लोखंडच ना, आई? बाबांच्या पोटात गेलं तर बरंच." बापाला गंज खाऊ घालणारा मुलगा मी आजवर पाहिला नव्हता.

मी भांडुपच्या त्यांच्या घरातली जुनी कढई. लोहाराने मला ठोकून ठोकून आकार दिला. मालनने, म्हणजे सुयोगच्या आईने, नवी नवरी असताना मला कणकवलीच्या बाजारात घेतलं आणि लुगड्यात गुंडाळून मुंबईला आणलं. माझ्यात कांदा-खोबरं भाजलं की वास जिन्याखाली जायचा. शेजारणी दारात यायच्या. "मालन, कढई दे गं जरा." मालन देईल तर शपथ! माझा काळा तुकतुकीत रंग तिने तेल पाजून पाजून कमावला होता.

मग सुयोगच्या लग्नात नॉनस्टिक भांडी आली आणि मी माळ्यावर गेले, फुटक्या बादलीच्या शेजारी. कुणी विचारलं नाही.

आठवण झाली ती गुणाजीचं हृदय थकल्यावर. गुणाजी मालनचा नवरा. जिना चढताना अर्ध्यावर बसायला लागला, पाय सुजले. डॉक्टर चेतनाबाईंनी तपासून सांगितलं, हृदयाचा जोर कमी झालाय, त्यात अंगातला लोहाचा साठा संपलाय. लोह सलाईनमधून शिरेत द्यायचं. सुयोगने तिथे मान डोलावली आणि घरी येऊन मला माळ्यावरून उतरवलं. मोबाइलवर कुणीतरी म्हणे सांगितलं होतं, लोखंडी कढईतलं खा.

तारेच्या घासणीने त्याने माझं कमावलेलं अंग खरवडून काढलं. रोज पालकात आमसुलं घालून माझ्यात रटारटा शिजवायचा. आंबटाने भाजी काळी पडायची.

"बघ, उतरलं लोखंड!"

"शाईसारखी लागते रे," गुणाजी म्हणायचा.

"औषध आहे, बाबा. गपचूप खा."

गुणाजी खात राहिला आणि खंगत राहिला. सदऱ्याची बटणं लावतानाही मध्ये थांबू लागला. मालन म्हणाली, "अरे, त्यांका डॉक्टरकडे ने." तर उत्तर काय? "हिमोग्लोबिन बघ ना, झकास आहे!"

मित्रांनो, भाजीला चव देणं, चार माणसांना जेवू घालणं हे माझं काम. ते मी मान वर करून केलं. मला कोरडी पुसा, तेलाचं बोट लावा, मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण आजारी माणसाचा इलाज माझ्या गळ्यात बांधू नका. मला जमणार नाही आणि दोष मात्र मलाच लागेल.

शेवटी मालननेच डॉक्टरला फोन लावला. ओट्यावर, माझ्या शेजारीच मोबाइल ठेवला होता. चेतनाबाईंचा आवाज चांगलाच चढला. "हिमोग्लोबिन बरं असलं तरी साठा रिकामा असतो, आजी. हृदयाच्या अशा आजारात गोळ्यांनीही भागत नाही, पोटातून लोह नीट शोषलंच जात नाही. कढईने काय होणार? सलाईनला का नाही आणलंत त्यांना?"

मालनने सुयोगकडे पाहिलं.

"अगं, अर्धा दिवस जातो त्यात," तो पुटपुटला. "ऑफिसात सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. म्हटलं, घरच्या घरी होतंय तर..."

"जाऊ दे गं," दाराला टेकलेला गुणाजी धापा टाकत म्हणाला. "त्याची कामं असतात."

मालनने माझ्याखालचा गॅस बंद केला. नवऱ्याच्या पायात स्वतः चपला घातल्या. मुलगा मध्ये आला, "थांब, रिक्षा मी बघतो."

"बाजूक हो," ती म्हणाली. "तुका सुट्टी काढूची नव्हती, सुयोग. त्यापायी बापाचो दम काढलंस तू."