पोर्टाचे निळे ड्रम

बंदरातला कचरा किती फेकला जातो आणि किती पुन्हा कामाला लागतो, हे मोजायचं इफ्फतचं काम होतं. अमरावतीला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून ती मुंबईच्या एका सल्लागार कंपनीत लागली आणि कंपनीने तिला कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदराचा तक्ता भरायला बसवलं. जुने दोर, फाटकी ताडपत्री, काळं तेल, लाकडी फळ्या, प्लास्टिकचे ड्रम. एकेका वस्तूपुढे टक्का लिहायचा. वस्तू फाटकाबाहेर पडून कोणाच्या तरी कामी आली, की ती 'पुनर्वापर' या रकान्यात जायची.

ड्रमांच्या तळाला लाल रंगाने नंबर टाकावेत ही सूचना तिचीच होती. माल पुढे कुठे जातो हे कळल्याशिवाय मोजणीला काय अर्थ, असं ती मीटिंगमध्ये म्हणाली होती आणि साहेबांनी तिचं कौतुकही केलं होतं. त्या वर्षी ड्रमांपुढे शंभर टक्के आले. सगळे ड्रम अकोल्याला गेले होते. दोन हजार सोळाचा तो एप्रिल होता. अकोला इफ्फतचं माहेरगाव, म्हणून तपासणीला तिलाच पाठवलं.

भंगाराचं आवार निघालं कुर्बानचाचांचं. तिच्या अब्बांचे ते जुने दोस्त. आवाराच्या कोपऱ्यात हलीमाबी ड्रममध्ये अर्धी वाकून सोड्याच्या पाण्याने आतून घासत होती. इफ्फतच्या गल्लीतली ही बाई; इफ्फत तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायची. हात कोपरापर्यंत लाल आणि सोललेले.

"खाला, हातमोजे नाहीत?"

"मोज्यानं घासल्या जात नाही बेटा," हलीमाबी म्हणाली. "दिवसाचे तीस काढा लागते."

ड्रमांवरची लेबलं खरवडलेली होती. एकावर अर्धं शिल्लक होतं, ते इफ्फतने वाचलं. जहाजाच्या टाक्या धुवायचं विषारी रसायन होतं ते. ती चाचांकडे वळली.

"चाचा, हे ड्रम घेते कोण?"

"अरे, कोण नाही घेत!" चाचा खुशीत होते. "शहरात नळ पंधरा दिवसाले येऊन राहिला. खेड्यात तर टँकरच. गेल्या महिन्यात बार्शीटाकळीकडच्या एका गावात अख्खी गाडी खाली झाली."

"पाणी भरायला?"

"मंग काय तेल भरायले?" चाचा हसले. तिचं तोंड पाहून थांबले. "धुऊन देतो ना बेटा. मले काय मालूम आत काय होतं ते. कागदावर 'खाली ड्रम' लिहून येते."

दुसऱ्या दिवशी ती त्या गावात गेली. दोन वर्षं कपाशी करपलेली, विहिरी कोरड्या. रस्त्याच्या कडेला दारोदार निळे ड्रम उभे. पहिल्याच घरी मोतीराम नावाचा माणूस भेटला. त्याची बायको माणिकबाई आत खाटेवर पडून होती. तोंड आतून फुटलेलं, पायांवर सूज, पोटात काही टिकत नव्हतं.

"पंधरा दिवस झाले," मोतीराम म्हणाला. "डाक्टर म्हणते पान्यातून काईतरी गेलं."

इफ्फतने दारातला ड्रम कलता करून तळ पाहिला. लाल नंबर तिथे होता, अकराशे सत्तावीस. तिने बाटलीत पाणी भरून घेतलं, अमरावतीच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन केला, आणि मग घरोघर फिरून नंबर लिहिले. एकेचाळीस ड्रम. प्रत्येक दारात ती एकच सांगत होती, यातलं पाणी पिऊ नका, रिकामे करा.

"रिकामे करू," एक म्हातारी म्हणाली. "मंग टँकर आल्यावर पानी कायच्यात घेऊ? पदरात?"

नऊ घरांनी ड्रम ओतले. बाकीच्यांनी तिच्या देखत झाकणं लावून घेतली.

चार दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. पाण्यात तेच रसायन होतं. इफ्फतने साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईटच झालं. पण आपली मोजणी फाटकापर्यंत आहे, इफ्फत. ड्रम पुन्हा वापरला गेला का? गेला. मग तो पुनर्वापरच."

"सर, बाई मरायला टेकलीय."

"त्याला आपल्या तक्त्यात रकाना नाही."

तिने तक्त्यात ड्रमांपुढे शून्य लिहिलं, खाली कारण लिहिलं, आणि त्याची एक प्रत पाण्याच्या अहवालासह तहसील कचेरीत देऊन आली.

कचेरी हलली, हे मात्र खरं. गावातले ड्रम जप्त करून शाळेमागे रचले. कुर्बानचाचांच्या आवाराला सील ठोकलं, त्यांना तीन दिवस ठाण्यात बसवलं. बंदराला एक पत्र गेलं, त्याचं उत्तर आलं नाही. ड्रमांच्या बदल्यात गावाला टाक्या मिळणार होत्या, त्या आल्या नाहीत. आठवड्याभरात शाळेमागचे ड्रम एकेक करून पुन्हा घरोघरी गेले. या वेळी लोकांनी तळाचे नंबर विटेने घासून काढले होते. मे महिन्यात माणिकबाई अकोल्याच्या दवाखान्यात वारली.

इफ्फत भेटायला गेली तेव्हा मोतीराम ओट्यावर बसला होता. दारात ड्रम होता.

"भाऊ, अजून हाच?"

"आता पेत नाई त्यातलं," तो म्हणाला. "भांडे घासतो. पेयाचं मडक्यात ठेवतो." मग म्हणाला, "बाई, तुमी नंबर टाकत होत्या, तवाच त्यावर 'जहर' काहून नाई लिहिलं?"

परतताना इफ्फत हलीमाबीच्या घरी गेली. आवार बंद झाल्यापासून खालाच्या हाताला काम नव्हतं. कातडी भरून येत होती, बोटं मात्र मिटत नव्हती. तिने इफ्फतला आत घेतलं नाही.

"तू चांगलंच केलं असशील बेटा," दारातूनच ती म्हणाली. "पन आमाले विचारलं नाही."

जुलैत बंदराचा छापील अहवाल आला. ड्रमांपुढे शंभर टक्केच होते, नवे ड्रम घेणारा म्हणून मात्र दुसऱ्या जिल्ह्यातलं नाव होतं. त्या दुपारी इफ्फतने राजीनामा दिला. तिच्याजवळच्या वहीत एकेचाळीस नंबर होते. ड्रम पोचायच्या आत तिथल्या लोकांना सांगायचं होतं; त्या नव्या जिल्ह्याला कोणती गाडी जाते, हे विचारत ती दोन दिवसांनी अकोल्याच्या स्टँडवर उभी राहिली.